कोणाच्या पायाचं माप

माप घेणारा माणूस आपल्या बाजूचा नसतो, हे मी अक्षरं शिकायच्या आधी शिकले. माझी माय विड्या वळायची. दिवसभर मांडीवर सूप घेऊन बसायची आणि संध्याकाळी ठेकेदाराचा माणूस तिनं बांधलेल्या कट्ट्यांतून मूठमूठ विड्या बाजूला काढायचा. ही आखूड, ही सैल, हिचं पान फाटकं. छाट म्हणून काढलेल्या त्या विड्या तो कधी फेकत नसे, वेगळ्या पिशवीत घालून घेऊन जाई. बाबा दुसऱ्यांच्या धानाच्या बांध्यांत राबायचे. मजुरीचं धान पायलीनं मिळायचं आणि पायली भरणाऱ्याचा अंगठा नेहमी पायलीच्या आत असायचा. अशा अंगठ्यांवर कोणाकोणाची पक्की घरं उभी राहिली, हे बाबा बोट दाखवून सांगत. आमचं घर कुडाचं होतं. दर पावसाळ्यात त्याची एक भिंत बसायची आणि दर दिवाळीआधी माय ती पुन्हा लिंपायची.

घरात आम्ही तिघंच. मी अडीच वर्षांची असताना ताप आला, आणि ताप उतरला तेव्हा उजव्या पायात जोर नव्हता. पोलिओ हा शब्द घरी पुष्कळ उशिरा आला. तोपर्यंत आजूबाजूच्या बाया माझ्या पायाची वेगवेगळी कारणं सांगायच्या आणि प्रत्येक कारणात मायचीच काही ना काही चूक असायची. मी उजव्या मांडीवर हात दाबून, कंबरेत वाकून चालायची. हात काढला की गुडघा दुमडायचा. माझ्या प्रत्येक कुर्त्यावर त्या जागी तळहाताएवढा भाग विरलेला असे. बसून करायचं काम म्हणून सातव्या वर्षी माझ्यापुढेही सूप आलं.

नऊ वर्षांची झाले तेव्हा मायनं पट्टी सुरू केली. जुन्या लुगड्याची चार बोटं रुंद पट्टी फाडून ती माझ्या उजव्या पायाला घोट्यापासून मांडीपर्यंत गुंडाळायची. पोटरीवर तीन थर, मांडीवर चार. वरून सलवार घातली की दोन्ही पाय सारखे भरलेले दिसत. चाल लपत नव्हतीच, पण बसले असताना कोणाला काही कळत नसे. लोक माझ्याकडे बघतात ते चांगल्या मनानं बघत नाहीत, याची मायला खात्री होती, आणि खरं सांगायचं तर मलाही होती. आंघोळ झाली की पट्टी, मग चहा, असा नेम झाला. पुढे मी स्वतःच गुंडाळू लागले. वेणी घालताना जसं लक्ष लागत नाही तसं त्या पट्टीकडेही माझं लक्ष राहिलं नाही. ती अंगाचीच झाली.

भंडारा जिल्हा फुटून गोंदिया वेगळा झाला तेव्हा मी शाळेतच होते. माझ्या अपंगत्वाचा दाखला त्याआधीचा होता. जुन्या भंडाऱ्याचा दाखला नव्या भंडाऱ्यात चालतो की नाही, ही बाबांची मोठी शंका. त्यांनी तीन वेगवेगळ्या लोकांना विचारलं. तिघांनीही चालतो म्हटल्यावर त्यांना वाटलं, तिघांचं संगनमत असावं.

बाबांनी मला सायकलच्या कॅरिअरवर बसवून शेजारच्या गावच्या शाळेत बारावीपर्यंत नेलं. ही गोष्ट मी कधी विसरत नाही. पण कॉलेज साकोलीला होतं आणि साकोलीची गाडी आमच्या गावात येत नव्हती. ती रोडवरून जायची. रोड म्हणजे हायवे, घरापासून अर्धा कोस. जुलैत कॉलेज सुरू होतं आणि जुलैतच रोवणे, धानाची लावणी, लागतात. पहाटे बांधीत उतरलेला माणूस पोरीला सायकलवर न्यायला परत येऊ शकत नाही. बारावीच्या थंडीत बाबांनी ते एकदाच आणि स्पष्ट सांगितलं.

"तुयी तू रोडपर्यंत चालत गेली तं कॉलेज. नाई गेली तं सूप हायेच."

यात राग नव्हता. मी हात दाबून अर्धा कोस चालू शकत नव्हते, हे त्यांनाही माहीत होतं आणि मलाही. वाटेत चारदा बसावं लागे, आणि दुसऱ्या दिवशी कंबर उठू देत नसे.

त्याच थंडीत सरकारी दवाखान्यातल्या नर्सबाईंनी सांगितलं की साकोलीला कॅलिपरचं, म्हणजे पायाला लावायच्या लोखंडी आधाराचं, शिबीर आहे. नागपूरहून लोक येतात, माप घेतात, दोन-अडीच महिन्यांनी कॅलिपर देतात, पैसे लागत नाहीत. पैसे लागत नाहीत म्हटल्याबरोबर बाबांच्या कपाळावर आठी पडली. शेजारची काकू तर येऊन बसलीच.

"मेल्या मानसाचं असते ते," ती मायला म्हणाली. "नाईतर नवीन लोखंड फुकट कोन देते वो?"

तरी आम्ही गेलो. माप घेणारा चाळिशीचा माणूस होता, गळ्यात टेप, कानावर पेन्सिल. समोर मोठी रांग. त्यानं मला कागदावर पाय लांब करून बसवलं आणि सलवार वर घ्यायला सांगितली. मी मायकडे पाहिलं. माय म्हणाली, वरूनच घ्या भाऊ, पोरगी आहे. त्यानं एकदा रांगेकडे पाहिलं, सलवारीचं कापड मुठीत घट्ट आवळलं आणि वरूनच टेप फिरवली. पोटरी, गुडघा, मांडी. पेन्सिलीनं कागदावर पायाच्या कडेनं रेघ ओढली. बाबा त्याच्या खांद्यावरून टेपवरचे आकडे वाचत होते. घरी आल्यावर त्यांनी ते आकडे मला कॅलेंडरमागे लिहून ठेवायला लावले. पुढे कामी येतील, म्हणाले.

परीक्षा संपली आणि एप्रिलात कॅलिपर आला. दोन्ही बाजूंनी लोखंडाच्या चमकत्या पट्ट्या, मांडीला आणि पोटरीला चामड्याचे कफ, गुडघ्यासमोर चामड्याची गादी, खाली काळा बूट. गुडघ्याच्या सांध्यावर दोन कड्या. उभं राहिलं की कड्या खाली सरकतात आणि सांधा घट्ट होतो. बसायचं तेव्हा बोटांनी कड्या वर ओढायच्या. त्या माणसानं कॅलिपर मला सलवारीवरूनच चढवला, पट्टे लावले, उभं केलं. मी हात मांडीवर न ठेवता उभी होते. हॉलमध्ये दहा-बारा पावलं चालले. पाय एखाद्या खांबासारखा खाली उभा राहत होता. बाबा खिडकीबाहेर बघत राहिले.

मग एक गोष्ट घडली. आतला एक स्क्रू जरा वर आला आहे म्हणून त्यानं कॅलिपर काढून टेबलावर नेला. टेबलावर आणखी एक तसाच कॅलिपर होता, दिघोरीच्या एका मुलीचा. दोन्हींना दोऱ्यानं नावाच्या चिठ्ठ्या बांधलेल्या होत्या. स्क्रू बसवताना एक चिठ्ठी खाली पडली. त्यानं ती उचलली, वाचली आणि एका कॅलिपरला बांधली. मी पाहिलं, बाबांनीही पाहिलं.  बाबांनी पोत्यात गुंडाळून कॅलिपर घरी आणला.

घरी दुसऱ्या दिवशी घातला तो मला होईना.

पट्टे शेवटच्या भोकापर्यंत ओढले तरी पाय आत फिरायचा. जास्त ओढलं की चामड्याला चुणी पडायची आणि ती चुणी नेमकी मांडीला चावायची. गुडघा समोरच्या गादीला टेकतच नव्हता. दोन बोटं मागे राहायचा आणि पाऊल टाकलं की धाडकन पुढे जाऊन आदळायचा. आतल्या बाजूचा सांधा गुडघ्याच्या हाडावर घासायचा. तीन दिवसांत तिथे कातडी गेली. त्यात एप्रिलचं ऊन. चामड्याखाली घाम धरायचा आणि त्या घामानं जखम चरचरायची.

मायनं पायाकडे पाहिलं, कॅलिपरकडे पाहिलं आणि म्हणाली, "हे तुयं नोहे."

तिघांचंही एकमत झालं. साकोलीला झालं आणि घरी होत नाही, म्हणजे मधे बदललं. चिठ्ठी पडली ती आपण डोळ्यांनी पाहिली. काकूनं पुढची भर घातली. दिघोरीवाल्यांची ओळख असेल, त्यांनी चांगला मागून घेतला असेल. एवढ्यानं तिचं भागलं नाही. तिनं चामड्याला नाक लावलं आणि जुना वास येतो असं जाहीर केलं. बाबांनी कॅलेंडर काढलं आणि टेपऐवजी दोरी घेऊन कफ मोजले. आकडे बरोबर निघाले. यावरून कॅलिपर माझाच आहे असं कोणी म्हणालं नाही. बाबा म्हणाले, दिघोरीच्या पोरीचंही माप तेवढंच असेल, म्हणून तर बदलता आला.

घरात लिहिणारी मी एकटी. मी पत्र लिहिलं. दोन पानं, ओळी सरळ, एकही खाडाखोड नाही. माझ्या कॅलिपरची अदलाबदल आपल्या माणसाकडून झाली असून ती जाणूनबुजून झाली की निष्काळजीपणाने याचा खुलासा करावा, असं वाक्य त्यात होतं. त्या वाक्याचा मला फार अभिमान वाटला. बाबांनी ते माझ्याकडून दोनदा वाचून घेतलं. पत्र नागपूरला गेलं. मे उजाडला तरी उत्तर नाही. उत्तर नाही म्हणजे चोरी कबूल आहे, असा आमचा हिशेब.

मग बाबा म्हणाले, आपणच जाऊ दिघोरीले.

मी नेहमीसारखी पट्टी गुंडाळली, वरून सलवार घातली. कॅलिपर पोत्यात. बाबांनी सायकलवर रोडपर्यंत नेलं, तिथून साकोली, साकोलीहून लाखांदूरकडे जाणारी गाडी. दिघोरीत त्या मुलीचं घर विचारत गेलो तर गाव आमच्या पोत्याकडे संशयानं बघत होतं. घर धान करणाऱ्यांचं, ओसरी ऐसपैस. मुलगी माझ्याहून दोन-तीन वर्षांनी मोठी असावी. ओसरीवर बसून मोहफुलं निवडत होती. तिनं कॅलिपर घातलेला होता आणि सलवार गुडघ्यापर्यंत दुमडलेली होती. उघडा बारीक पाय, त्यावर पांढरा मोजा, त्यावर चामडं. समोरून माणसं जात-येत होती आणि तिला त्याचं काही नव्हतं. मला तेव्हा ते बेशरमपणाचं वाटलं, हे इथे लिहून ठेवते.

बाबांनी येण्याचं कारण सांगितलं. तिच्या आईनं पाण्याचा गडू आणता आणता मधेच थांबवला.

"म्हंजे आमच्या पोरीचं चांगलं पाहून बदलाले आले काय गा भाऊ?"

बाबा म्हणाले, बदलायला नाही, पाहायला. बाईचं समाधान झालं नाही. पाणी दिलं, पण मुलीच्या जवळ सरकून बसली, जणू आम्ही कॅलिपर पायासकट ओढून नेणार होतो. मग मुलगीच म्हणाली की घालून पाहू दे, त्यात काय जातं. तिनं पट्टे सोडले, कड्या वर ओढल्या आणि कॅलिपर माझ्यापुढे सरकवला. ओसरीच्या आतल्या खोलीत आम्ही दोघी गेलो. तिच्या आईनं दाराशी ठाण मांडलं.

मी बसले, सलवार वर घेतली आणि पट्टी सोडू लागले. घरी कॅलिपर घालताना मी ती सोडतच असे. एवढं चामडं वरून आल्यावर पाय भरलेलाच दिसायचा, मग पट्टीचं काय काम. शिवाय उकाडा. पोटरीचे तीन थर, मांडीचे चार, पट्टी सुटत गेली आणि जमिनीवर तिचा ढीग झाला.

तिचा कॅलिपर मला चार बोटं आखूड होता. पट्टे लावायचीही गरज पडली नाही, सांधा गुडघ्याच्या कितीतरी खाली येत होता. म्हणजे अदलाबदल नव्हती. तरी मी मनात म्हणत होते की मग तिसऱ्याच कोणाशी झाली असेल. ती मुलगी मात्र कॅलिपरकडे बघतच नव्हती. ती त्या ढिगाकडे बघत होती.

"हे कायले गुंडाळतं व?"

मी म्हटलं, असंच. सवय आहे.

"माप देलं तवा बी होतं का हे आत?"

 मला साकोलीचा हॉल आठवला, मुठीत आवळलेली सलवार आठवली. एप्रिलात घालून पाहिलं ती दहा-बारा पावलंही आठवली. त्या दिवशीही मी सकाळी आंघोळ करून पट्टी बांधूनच गेले होते.

"मंग त्यायनं लुगड्याचं माप घेतलं," ती म्हणाली. "तुह्या पायाचं कोनी घेतलंच नाई."

आणि ती हसायला लागली. वाईट हसणं नव्हतं, पण मला ते त्या दिवशी वाईटच लागलं. बाहेर आल्यावर बाबांना मी एवढंच सांगितलं की तिचा आखूड आहे.  साकोलीच्या स्टँडवर मी सगळं सांगितलं. बाबांनी पोतं मांडीवरून खाली ठेवलं. मग म्हणाले, तुझ्या मायला हे नीट सांग, मी सांगितलं तर मला मारेल.

मायला सांगितलं तर तिनं ते दोन वाक्यांत निकालात काढलं. मग पट्टी गुंडाळूनच घाल, त्यात काय. मला आतून हायसं वाटलं. म्हणजे पत्राबद्दल कोणाला तोंड दाखवायची गरज नाही. दुसऱ्या दिवशी पट्टीवर कॅलिपर चढवला. अगदी बसला. मी मायला सोबत घेऊन रोडकडे निघाले. अर्ध्या वाटेपर्यंत मी हात न दाबता चालले आणि मनातल्या मनात कॉलेजची वही सुद्धा घेतली. मग घामानं पट्टी सरकली. चामड्याखाली तिची दोरी झाली आणि ती दोरी मांडीच्या मागे रुतली. सोडून पुन्हा गुंडाळायला वाटेत आडोसा नव्हता. तशीच परत आले. संध्याकाळी पाहिलं तर मांडीच्या मागे बोटाएवढा लांब फोड, आणि गुडघ्याची जुनी जखम पुन्हा ओली. असं आठवडाभरात तीनदा केलं. कधी पट्टी घट्ट, कधी थर कमी. तिसऱ्यांदा पाय सुजला.

निकाल लागला. मी पास झाले होते, आमच्या वाडीतल्या मुलींत पहिली. कॉलेजचा फॉर्म भरायला जुलैच्या पहिल्या आठवड्यापर्यंत मुदत होती. बाबा काही म्हणाले नाहीत. सूप भिंतीला टेकून ठेवलेलं होतं, तेही काही म्हणालं नाही.

नागपूरची माणसं दर महिन्याला एका सोमवारी त्याच हॉलमध्ये यायची. जूनच्या सोमवारी आम्ही तिघंही गेलो. रस्त्यानं मी काय बोलायचं ते जुळवत होते. ग्रॅज्युएट व्हायला निघालेली मुलगी चूक कबूल करताना कशी बोलते, याचा मला काही नमुना नव्हता. आमच्या घरात कोणी कधी मापवाल्याची माफी मागितली नव्हती. मागावी लागेल असा प्रसंगच मापवाल्यांनी येऊ दिला नव्हता.

तो माणूस तोच. कानावर पेन्सिल तीच असावी. मला पाहून त्यानं फाइलमधून माझं पत्र काढलं आणि टेबलावर ठेवलं.

"तुमचंच ना? अक्षर चांगलं आहे," तो म्हणाला. "उत्तर द्यायचं होतं, पण काय लिहावं तेच सुचलं नाही."

मी म्हटलं, अदलाबदल झाली नाही. माप देताना पायाला कापड गुंडाळलेलं होतं. एवढं बोलायला मला जितका दम लागला तितका अर्ध्या कोसालाही लागला नसता. त्यानं माझ्याकडे आणि मग मायकडे पाहिलं.

"मी विचारलं होतं बाई तुम्हाला. पोटरी दगडासारखी लागते, आत काही बांधलं आहे का म्हणून. तुम्ही म्हणालात, पायच आहे."

मला ते आठवत नव्हतं. बाबांना आठवत होतं, त्यांच्या चेहऱ्यावरून कळलं. माय पदर सावरून ताठ उभी राहिली.

"खोटं नाई बोल्ली मी," ती म्हणाली. "आत पायच होता."

तो हसला नाही, हे त्याचं मला आवडलं. म्हणाला, बरोबर आहे, पण आता तो पाय मला पाहावा लागेल. कापडावरून घेतलेलं माप कापडालाच होतं. कोपऱ्यात चादरीचा आडोसा केलेला होता तो त्यानं दाखवला. मी आत जाऊन बसले. माय मागोमाग आली. मी पट्टीच्या गाठीला हात घातला तर तिनं माझा हात बाजूला केला. नऊ वर्षांपूर्वी जिनं ती पहिल्यांदा गुंडाळली तिनंच ती परक्या माणसासमोर सोडली. एक एक वेढा काढून हातावर घडी घालत गेली, अजिबात घाई न करता. शेवटचा वेढा निघाला तेव्हा तिनं पायाकडे पाहिलं नाही. त्या माणसाच्या तोंडाकडे पाहिलं. तो काही तोंड करतो का, हे तिला बघायचं होतं. त्यानं फक्त टेप टाकली. पोटरीला माप पहिल्यापेक्षा खूपच कमी भरलं. त्यानं गुडघ्याची जखम पाहिली, आतल्या हाडाशी बोट ठेवलं आणि सांधा इथून एक बोट बाहेर हवा, असं कागदावर लिहून घेतलं.

आता त्याला कॅलिपर नागपूरला न्यायचा होता. कफ नवे, गादी नवी, लोखंडी पट्ट्या वाकवून आत घ्यायच्या. कॅलिपर द्यायचा म्हटल्यावर बाबांचा चेहरा बदलला. ते म्हणाले, जरा थांबा. कॅलिपर घेऊन हॉलच्या मागे गेले आणि खिळ्यानं लोखंडी पट्टीच्या आतल्या बाजूला खूण म्हणून तीन आडव्या रेघा ओढून आले. त्या माणसानं ते पाहिलं. म्हणाला, दादा, चौथी पण ओढा, पाऊस लागला तर एखादी पुसली जाईल. बाबांनी खरोखरच चौथी ओढली.

त्यानं महिन्याचा वायदा न करता दहा दिवसांत या म्हटलं, कारण मी कॉलेजच्या मुदतीचं सांगितलं होतं. बाबांना वाटलं, एवढ्या लवकर देतो म्हणजे नीट करणार नाही. पण दहाव्या दिवशी चार रेघांचा कॅलिपर परत आला. या वेळी मी तो उघड्या पायावर घातला, मधे फक्त सुती मोजा. गुडघा गादीला टेकला आणि टेकलेलाच राहिला. सांधा हाडापासून सुटा होता. कफात दोन बोटं जात होती, तीन जात नव्हती.

सूचना त्यानं पुष्कळ दिल्या आणि मायनं एकीवरही पहिल्यांदा विश्वास ठेवला नाही. पहिल्या दिवशी अर्धा तास, मग रोज थोडं वाढवा. काढल्यावर पाय पाहा. लाल डाग वीस मिनिटांत गेला तर चालेल, राहिला तर तिथे चामडं दाबतं आहे, घेऊन या. कोणताही डाग चांगला असू शकतो हे मायला पटेना. ती बाबांचं घड्याळ हातात घेऊन माझ्या पायासमोर बसायची. डाग सतराव्या मिनिटाला गेला की म्हणायची, उद्या पाहू. मोजा तिनं बाबांच्या जुन्या बनियनचा शिवला. शिवण आतून टोचते म्हणून उलटा करून, शिवण बाहेर. हे तिला कोणी सांगितलं नव्हतं. साकोलीत त्या माणसानं तो मोजा हातात घेऊन उलटसुलट करून पाहिला आणि आणखी चार जणींना असाच शिवायला सांगितलं. मायनं त्यावरही शंका काढली की आता हा आपल्या मोज्याचा धंदा करतो की काय.

बुटाचा प्रश्न आधी घरातच उभा राहिला. चपला दाराबाहेर राहतात, पण हा बूट पायासोबत आत येणार. पहिले काही दिवस मायनं मला दारात थांबवून बुटाचा तळवा ओल्या फडक्यानं पुसला. बुद्धविहारात मात्र मी कॅलिपर बाहेर काढूनच जाते, आजही, आणि पुन्हा हात दाबून चालते. तिथे मला कोणाची लाज वाटत नाही.

पट्टी मी पुन्हा बांधली नाही. पहिल्यांदा तशी रस्त्यानं निघाले तेव्हा काकू दारात उभी होती. सलवार एका पायावर लोंबत होती आणि तिच्याखालून लोखंड दिसत होतं. काकूनं मायला विचारलं, पाय असा वाळला कसा एकाएकी? माय म्हणाली, "होताच तसा. तुले आता दिसला."

हातपंपापर्यंत, मग शाळेपर्यंत, मग तलावाच्या मातीच्या पाळीपर्यंत, असं मी रोज अंतर वाढवत गेले. बाबा लांबून मागे यायचे आणि मी वळून पाहिलं की दुसरीकडे कुठे तरी निघाल्यासारखं करायचे. मला चालता येतं यावर त्यांचा विश्वास बसायला मुदतीचा शेवटचा दिवस उजाडला. त्या दिवशी रोवण्याला न जाता ते रोडवर जाऊन उभे राहिले, मी येते की नाही ते पाहायला. मी आले. मधे एकदा पट्टा आवळायला थांबले, बसले नाही. गाडी यायला वेळ होता. त्यांनी विचारलं, दुखते का? मी म्हटलं, थोडं. त्यांनी मान हलवली. अजिबात दुखत नाही म्हटलं असतं तर त्यांनी ते खरं मानलं नसतं.

फॉर्म मी स्वतः भरला. तीन वर्षं घरापासून रोडपर्यंत आणि रोडपासून घरापर्यंत मी चालत गेले आणि चालत आले, आणि मी बी.ए. पास झाले.